रोहूच्या डाव्या कुशीवरची लढाई

मित्रांनो, मी एक जुनी योद्धा आहे. एका रोहू माशाच्या रक्षणासाठी मी माझं आयुष्य वेचलं. वेचलं म्हणजे खाण्यात घालवलं. मी भक्षक पेशी आहे. बाहेरचा जंतू दिसला की गिळायचा, एवढंच माझं शौर्य.

माझा जन्म रोहूच्या गुर्द्यात, म्हणजे मूत्रपिंडात झाला. तुमच्या रक्तपेशी हाडांच्या पोकळीत जन्मतात. माशाच्या हाडांत तशी सोय नाही, म्हणून आमचा कारखाना गुर्द्याच्या पुढच्या टोकाला. गाव चामोर्शीजवळचं, तलाव जुन्या जमीनदारांच्या, मालगुजारांच्या काळातला. पाण्यात जंतूंना तोटा नव्हता. पण माशाच्या अंगावर एक बुळबुळीत थर असतो. जंतू त्यात अडकतात आणि थराबरोबर वाहून जातात. आम्ही आत बसून त्याचं श्रेय घेत होतो.

मग भैयाजींनी रोहूला पुसलं.

भैयाजी मच्छीमार सोसायटीचे सभासद. त्यांच्या मुलीच्या, मयुरीच्या सासरची माणसं बल्लारपूरहून पहिल्यांदाच जेवायला येणार होती. त्यांच्यासाठी हा रोहू काठाशी जाळी लावून राखून ठेवायचा होता. पण त्याआधी व्याह्यांना त्याचा फोटो पाठवणं आलं. ओला मासा फोटोत चकाकतो, म्हणून भैयाजींनी खांद्यावरचा कोरडा दुपट्टा काढून त्याला खसाखसा चोळला.

"भैयाजी, मासा हाय का नवरदेव?" डोंग्यातून, म्हणजे लहानशा होडीतून, सोसायटीतलाच इसरू ओरडला. "पावडर बी लावून दे!"

"तुले काय समजते? व्याह्याले पाठवाचा हाय."

फोटो छान आला. थर दुपट्ट्यावर गेला.

थोड्याच दिवसांत डाव्या कुशीवर लाल चट्टा उठला. आधी आमच्यातल्या तापट पेशी धावल्या. त्या लढतात आणि जागेवरच मरतात. त्यांच्यामागून आम्ही गेलो. मी हलता येईना इतके जंतू खाल्ले. मग खाल्लेल्या जंतूचा एक तुकडा प्रतिपिंडं बनवणाऱ्या मंडळींना नेऊन दाखवला. असा दिसतो, याच्या मापाचं काहीतरी बनवा. प्रतिपिंड जंतूला चिकटलं की त्याला गिळणं आम्हाला सोपं जातं. पण माशाचं रक्त पाण्याइतकंच थंड, आणि दिवस पौषाचे. गारठ्यात ही मंडळी हळू काम करतात. चट्टा पसरत चालला. रोहू खाईना.

एका सकाळी नीलाबाई काठावर आल्या आणि नवऱ्यावर कडाडल्या, "अवो, हा लाल चट्टा पाहा! असा मासा व्याह्याच्या ताटात वाढाचा?"

"मंग काय करू?"

"सोडून द्या तलावात. कोंबडा कापू."

"पाहुणे येतपर्यंत पाहू," भैयाजी म्हणाले. "बरा झाला त ठीक. नाई त देतो सोडून."

मित्रांनो, माशांना ऐकू येतं. हे सगळं रोहूनं ऐकलं. आम्हाला मात्र एका शब्दानं सांगितलं नाही.

त्यामुळे आम्ही जिंकलो. पुढच्या काही आठवड्यांत ऊन वाढलं, पाणी कोमट झालं, प्रतिपिंडांचा पुरवठा वाढला. चट्टा सुकला, नवी कातडी आली, तिच्यावर नवा बुळबुळीत थर आला. पाहुणे यायच्या दिवशी नीलाबाईंनी रोहूला उलटसुलट करून पाहिलं.

"साफ झाला वो! जसं काही झालंच नाई."

मला आयुष्यात मिळालेली ही पहिली शाबासकी. विळी येईपर्यंत मी त्याच आनंदात होते.

गुर्दा कडू लागतो म्हणून रश्श्यात घालत नाहीत. तेव्हा म्हातारपणी माहेरी, म्हणजे गुर्द्यात, परतलेली मी सध्या आतड्यांसोबत परसात वर्तमानपत्रावर आहे. समोर मांजर बसलं आहे, म्हणून बोध थोडक्यात सांगते. माशाला कोरड्या कापडानं पुसू नका. त्याचा बुळबुळीतपणा घाण नसतो, त्याला जपा. आणि कुणाला बरं करायला धावण्याआधी, बरा झाल्यावर त्याचं काय करणार आहेत, ते एकदा विचारून घ्या.

आत पाहुण्यांची ताटं घेतली आहेत. सासऱ्यांचं काहीतरी सांगणाऱ्या मयुरीचा आवाज येतो आहे.

"अवो आई, आज गुरुवार हाय न! मामाजी गुरुवारी मच्छी खात नाई."

नीलाबाईंनी शेवटी बेसन केलं.