कंदुरीचा पहिला घास

बरे होणे ही गोष्ट भागवतच्या भाऊबंदांना एकाच रूपात ठाऊक होती: माणूस खाटेवरून उठला, म्हणजे बरा झाला. तो जालन्याच्या महाविद्यालयात पुन्हा सकाळचे तास घेऊ लागल्याची वार्ता घनसावंगीला पोहोचली आणि चुलत्याने, पुंजारामने, निकाल देऊन टाकला. भागवतच्या आईने, साळूबाईने, दर्ग्याला बोललेली कंदुरी, म्हणजे बोकडाचे नवसाचे जेवण, आता फेडायलाच हवी.

आजाराचे नाव मायस्थेनिया. मेंदूचा निरोप स्नायूंपर्यंत पोहोचत नाही. सकाळी शाबूत असलेला माणूस दिवेलागणीपर्यंत रिता होतो. हे त्याने दोन वर्षांत इतक्यांना समजावले होते की समजावण्यानेच जबडा थकावा. ज्ञानाने माणसे बदलतात असे इतिहासाच्या प्राध्यापकाने मानावे, हा त्याचा स्वतःचा जुना अडाणीपणा. लोंबलेली पापणी पाहून लोक आधी दारू म्हणाले, मग करणी. आणि पापणी सकाळपुरती वर राहू लागली, तेव्हा चमत्कार. गोळ्यांचे नाव कोणी घेतले नाही.

सुधारणा होती, हे त्यालाही मान्य होते. पूर्वी भाकरी दुधात कुस्करावी लागे; आता न्याहारीला कोरडी चतकोर चावता येई. संध्याकाळी मात्र अजून मऊ खिचडीच.

रिवाज असा, की ज्याच्यासाठी नवस बोलला त्याने मटणाचा पहिला घास खायचा. तोवर पंगत हात लावत नाही. जेवण दुपारचे ठरले होते, म्हणूनच त्याने होकार दिला होता. पण आष्टीचे पाहुणे उशिरा आले, बोकड त्याहून उशिरा शिजला, आणि पान वाढले तेव्हा दर्ग्यासमोरच्या लिंबाची सावली पार रस्त्यापर्यंत गेली होती. गोळीचा अंमल केव्हाच उतरला होता.

"घे बाबा, जल्दी घे," पुंजाराम म्हणाला. "लेकरं भुकेजून राह्यलीत. तू काय पेपर तपासून राह्यला का?"

घास तोंडात गेला. दाढा काही वेळ फिरल्या. मग जबडा खाली गेला तो वर आलाच नाही. भागवतने हनुवटीखाली मूठ टेकवून तो वर धरला.

"बघा, सर विचारात पडले!" कोणीतरी म्हणाले. पंगत हसली. विद्वत्तेची मुद्रा त्याला अखेर लाभली होती, स्नायूंनी दगा दिल्यावर.

तुकडा तसाच गिळावा, तर तो श्वासनलिकेत अडकण्याची भीती. बाहेर काढावा, तर आईचा नवस साऱ्या भावकीसमोर मोडणार. ती चुलवणापाशी उभी राहून त्याच्याकडेच पाहत होती. भावकीच्या समाधानासाठी गुदमरून मरण्याइतकी परंपरानिष्ठा त्याच्यापाशी नव्हती. त्याने दोन बोटांनी तुकडा काढून पानाच्या कडेला ठेवला.

"जमत न्हाई," तो म्हणाला. आवाज नाकातून आला.

"वहिनी," पुंजारामने सुस्कारा सोडला, "पीरानं पदरात घेतलं न्हाई."

साळूबाई चुलवणाकडे वळली. तिने वाटीत नुसता रस्सा घेतला आणि लेकासमोर बसली. "पी."

तो घोट घोट प्यायला. ती त्याच्या नाकपुड्या न्याहाळत होती. मागच्या साली घोटभर पाणी गिळले तरी ते नाकातून परत येई, आणि ती पदराने टिपून घेई. काय जमत नाही याचा हिशेब ठेवून तो इतका थकला होता की ते थांबले केव्हा, हे त्याच्या ध्यानातच आले नव्हते.

"न्हाई आलं," ती म्हणाली.

"काय न्हाई आलं?" पुंजाराम.

"तुम्हाला काय करायचं? मुजावरचाचा, तुमच्या पीराला रस्सा चालतो का?"

दर्ग्याची देखभाल करणाऱ्या मुजावराने दाढी खाजवली. "रस्सा बी त्याच बोकडाचा है ना, माय. बिलकुल चालतो."

"म्हंजे अर्धाच नवस!" पुंजाराम म्हणाला.

"मंग अर्धा पुढल्या साली. तुम्ही दोन्ही बारीला जेवसाल, भावजी. तुमचं काय घटलं?"

या वेळी पंगत पुंजारामला हसली, आणि जेवू लागली.

परतीच्या जीपमध्ये भागवतची डावी पापणी पूर्ण मिटली होती. "पुढल्या साली चावशील ना रे?" साळूबाईने विचारले. आजाराला साल कळत नाही, असे सांगायला एक पूर्ण वाक्य लागले असते, आणि एक जबडा. त्याने हात पुढे केला. तिने त्यावर गोळी ठेवली, बाटली त्याच्या ओठांना लावली.

पाणी गेले. ते नाकातून परत येते का, हे पाहत दोघेही थोडा वेळ थांबले.