काळ्या नाण्यावरची दोन माणसं

मी एक जुना, मान वाकवता येणारा टेबललॅम्प आहे. दिव्याखाली अंधार, असं माणसं म्हणतात. ती म्हण माझ्यासारख्याला लागू पडत नाही. मी मान खाली घातली की माझ्याखालीच सगळ्यांत जास्त उजेड असतो. मित्रांनो, माझी गोष्ट आनंदाची नाही, हे आधीच सांगतो. पण ऐकायला बसलाच आहात, तर मधेच उठू नका.

माझा जन्म पत्र्याच्या एका कारखान्यात झाला. ठोकून ठोकून माझं डोकं गोल केलं, मानेत दोन स्प्रिंगा बसवल्या आणि हिरवा रंग फासला. तिथून मी आलो तो थेट घड्याळं दुरुस्त करणाऱ्या मालकांच्या टेबलावर. मुंगीच्या डोळ्याएवढे स्क्रू, केसासारख्या स्प्रिंगा, सगळं माझ्या उजेडात चाले. गिऱ्हाइकांनी कौतुक केलं की मालक मला थोपटत आणि म्हणत, "या दिव्याच्या जिवावर माझे डोळे आहेत." मी फुगून जायचो.

मालकांना जुनी नाणी जमवायचा नाद होता. पण रोज सकाळी काम सुरू करण्याआधी ते खिशातून एकच नाणं काढत. चांदीचं होतं, पण काळंभोर पडलेलं. राजाचं डोकं झिजून सपाट झालं होतं. मालक नाणं पालथं करत, मला अगदी आडवं पाडत आणि डोळ्याला भिंग लावत. मग त्या काळ्या पाठीवर सुईनं ओढलेल्या पुसट रेघा वर येत. दोन काड्यांची माणसं, एक उंच आणि एक बुटका, हात धरून उभी. मालकांच्या मोठ्या भावानं लहानपणी ती कोरली होती. त्याच वर्षी तो तापानं गेला. घरात त्याचा एकही फोटो नव्हता. या जगात त्याच्या हातचं एवढंच उरलं होतं.

हे कुणाला ठाऊक होतं? मालकांना आणि मला. बायकोलासुद्धा त्यांनी कधी सांगितलं नाही. दुकानात गोड बोलणारा हा माणूस घरात तोंडाला कुलूप लावून बसायचा. तिनं विचारलं नाही आणि यांनी सांगितलं नाही, यात सगळा संसार झाला. मला याचा राग यायचा, पण दिव्याला विचारतो कोण?

पुढे मालकांच्या नजरेच्या मधोमध एक धुरकट डाग आला आणि तो पसरत गेला. समोरच्याचे कान दिसत, चेहरा दिसत नसे. डॉक्टर म्हणाले, डाग वाढतच जाणार. दुकान बंद झालं. मी घरी कपाटावर गेलो आणि धूळ खात पडलो. कुणी बटण दाबलं नाही.

मला खाली काढलं ते मालकांच्या मुलीनं. ती एका स्टुडिओत फोटो काढते. मालकांनी तिलाच पहिल्यांदा मनातलं सांगितलं. आई तेव्हा गच्चीवर कपडे वाळत घालत होती.

"काळ्या नाण्यावर दादानं दोन माणसं काढलीत. भिंगातून आता दिसत नाहीत. मोठ्या पडद्यावर दिसतील का गं? डोळे आहेत तोवर एकदा बघायचंय."

"दिसतील की बाबा. न दिसायला काय झालं?"

मग जेवणाच्या टेबलाचा स्टुडिओ झाला. जुन्या काळ्या कोटाचा तुकडा अंथरला. त्यावर बाटलीचं झाकण आणि झाकणावर संग्रहातलं एखादं साधं नाणं, म्हणजे कापडाचे धागे फोटोत येत नाहीत. कॅमेरा स्टँडवर तोंड खाली करून टांगला. खिडकीचा पडदा ओढला. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला माझा उजेड परतवायला पांढरा पुठ्ठा. सुरुवातीला पोरीनं मला नाण्यावर सरळ रोखलं आणि सगळी नाणी शर्टाच्या बटणांसारखी आली. तिचं तरी काय चुकलं? स्टुडिओत चेहऱ्यावर समोरून उजेड टाकतात, सुरकुत्या झाकायला. नाण्याच्या सुरकुत्याच तर पाहायच्या असतात. हळूहळू तिनं मला खाली आणलं, टेबलाला नाक लागेपर्यंत. एकेक अक्षर सावली टाकून उभं राहिलं. "कुणी चालू नका, टेबल हलतं!" असं ओरडून ती कॅमेऱ्याचं बटण दाबायची आणि स्वतःही श्वास धरायची. मला तरुण झाल्यासारखं वाटत होतं.

तिनं ठरवलं होतं, हात चांगला बसेपर्यंत साध्या नाण्यांवर सराव करायचा आणि काळं नाणं सगळ्यांत शेवटी घ्यायचं. एका सुट्टीच्या दिवशी जेवताना ती म्हणाली, "उद्या काळ्या नाण्याचा फोटो."

मालकांच्या बायकोनं हे ऐकलं. त्या दिवशी दुपारी सगळे आडवे झाल्यावर तिनं मालकांच्या नाण्यांच्या ड्रॉवरमधून ते काळं नाणं काढलं, भांडी घासायची पावडर घेतली, तारेची घासणी घेतली आणि मन लावून घासायला बसली. मित्रांनो, मी टेबलावरून सगळं पाहत होतो. ती गुणगुणत होती. नवऱ्याचं काहीतरी लाडकं आहे आणि त्यात आपलाही हात लागतोय, याचा तिला इतका आनंद झाला होता. मला ओरडता आलं असतं तर मी काच फुटेस्तोवर ओरडलो असतो.

दुसऱ्या दिवशी मुलीनं ड्रॉवर उघडला आणि तिथंच थबकली.

"आई, हे काय केलंस?"

"काय म्हणजे? फोटो काढायचा तर तोंड नको धुवायला? किती काळवंडलं होतं बिचारं!"

मुलीनं खिडकीचा पडदा ओढला. तिनं नाणं झाकणावर ठेवलं आणि मला आडवं केलं. मग आणखी आडवं. नाणं घड्याळाच्या काट्यासारखं थोडं थोडं फिरवत तिनं चहूबाजूंनी उजेड टाकून पाहिला. मी जीव तोडून शोधलं. तारेचे ओरखडे सापडले, उभे, आडवे, तिरके, हवे तेवढे. ती दोन माणसं कुठेच नव्हती.

मालक पडद्यासमोर येऊन बसले. मुलीनं फोटो लावला. त्यांनी मान तिरकी करून डोळ्याच्या कोपऱ्यातून तो बराच वेळ न्याहाळला. मग हात पुढे केला आणि नाणं मागितलं. त्याच्या पाठीवरून अंगठा एकदा फिरवला, परत फिरवला.

बायको दारात उभी होती. "अहो, दिसलं का? चकाकतंय ना?"

मालक तिच्या आवाजाकडे वळले. "छान आलंय. अगदी स्पष्ट."

"बघा! आणि ही मघाशी मलाच बोलत होती," असं म्हणत ती हसत चहा ठेवायला गेली.

मुलगी रडायला लागली. मालक हळूच म्हणाले, "तिला यातलं काही कळू द्यायचं नाही."

"पण बाबा, तिला आधी माहीत असतं तर..."

"मी कुठे सांगितलं होतं तिला?"

त्यानंतर टेबलावर काळं कापड पुन्हा अंथरलं गेलं नाही. मालकांना आता उजेड आणि अंधार एवढंच कळतं. मी भिंतीकडे तोंड करून कोपऱ्यात उभा आहे.

मित्रांनो, जुन्या वस्तूवरचा काळेपणा म्हणजे दर वेळी मळच असतो असं नाही. घासणी हातात घेण्याआधी, ती वस्तू ज्याची आहे त्याला विचारा. आणि तुम्हाला एखादी वस्तू जिवापाड प्रिय असेल, तर ती का प्रिय आहे हे घरातल्या माणसांना वेळेवर सांगा. मनातल्या मनात जपलेलं कुणालाच दिसत नाही. माझ्यासारखा दिवा लावला तरी दिसत नाही.

मालकांना आवडलं म्हणून त्यांची बायको आता ते नाणं अधूनमधून घासते आणि लख्ख करून त्यांच्या तळहातावर ठेवते. ते मूठ मिटतात आणि दर वेळी म्हणतात, "छान झालंय."