'टू' राहून गेलेलं वाक्य

खडू जरा बाजूला ठेवा, आज मी फळा स्वतःच बोलतोय. पेनाने लिहायच्या पांढऱ्या, गुळगुळीत फळ्यांपैकी मी नव्हे. मी लाकडी, काळाकुट्ट, खडू खाऊन जगलेला. माझ्या पोटात काही राहत नाही असं लोक म्हणतात. रोज ओल्या फडक्याने पोट पुसल्यावर राहणार तरी काय? पण एका बाईची गोष्ट राहिली आहे.

एका सुताराने उरल्यासुरल्या लाकडातून मला घडवलं. सुरुवातीला मी एका खानावळीच्या दाराशी उभा असे. 'आज जेवण संपले' एवढंच माझं साहित्य. पुढे खानावळ बंद पडली आणि बाईंनी मला उचलून आणलं. बाई म्हणजे निवृत्त इंग्रजी शिक्षिका. लाँड्रीच्या वरच्या खोलीत त्या संध्याकाळी कष्टकरी माणसांना इंग्रजी शिकवायच्या. खालून इस्त्रीची वाफ वर यायची आणि माझ्यावरची अक्षरं घामेजायची.

वर्गात एक ट्रकवाले काका होते, दवाखान्यातली एक आया होती आणि काजताई होती. ती कपड्यांच्या कारखान्यात मशीनवर काजं करायची, म्हणून तिला हे नाव पडलं. नवरा गेल्यावर ती थोरल्या बहिणीच्या घरी राहायला आली होती. बोलायची कमी, खाली मान घालून लिहायची जास्त.

एका संध्याकाळी बाईंनी माझ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'स्टँड अप टू'. म्हणाल्या, "एखाद्यापुढे न डगमगता उभं राहणं, त्याला विरोध करणं. आता एकेक वाक्य करा बरं."

काकांनी लिहिलं, 'आय स्टँड अप टू माय वाइफ.' मग स्वतःच म्हणाले, "बाई, हे वाक्य घरी नेता यायचं नाही." वर्ग खो खो हसला.

मग काजताई उठली. तिने लिहिलं, 'आय स्टँड अप माय सुपरवायझर.'

"अगं, 'टू' राहिला," बाई म्हणाल्या. "'टू' नसेल तर अर्थ होतो, तू त्याला भेटायला बोलावलंस आणि स्वतः गेलीच नाहीस."

पुन्हा हशा पिकला. काजताईने मध्ये 'टू' घुसवला.

"आता बरोबर."

तरी ती जागेवर जाईना. खडू हातातच. म्हणाली, "बरोबर आहे बाई, पण खोटं आहे."

मग हळूहळू तिने सांगितलं. कापडाचे गठ्ठे चोरीला जातात म्हणून कारखान्याचं मागचं दार कुलूपबंद असायचं. त्याच आठवड्यात भरदुपारी इस्त्रीच्या टेबलावर कापड पेटलं. धूर झाला तशा सगळ्या जणी मागच्या दाराकडे धावल्या आणि कुलपावर आदळल्या. पोटुशी असलेली एक मैत्रीण गर्दीत चेंगरली. आग बादलीभर पाण्याने विझली आणि मैत्रीण बचावली. पण दुसऱ्या दिवशी कुलूप जागच्या जागी.

"मग सुपरवायझरला खडसावून सांगायचं!" आया म्हणाली.

"सुपरवायझर म्हणजे माझे भाऊजी. ताईचा नवरा. त्यांनीच घरात घेतलं, त्यांनीच कामाला लावलं. ज्याच्या घरचं खाते, त्याच्यापुढे कुठल्या तोंडाने उभी राहू?"

बाईंनी इतरांची वाक्यं पुसली, तिच्या वाक्यापाशी मात्र फडकं थांबलं. "हे राहू दे," त्या म्हणाल्या.

पुढचे काही दिवस काजताई फिरकली नाही. मग एका संध्याकाळी जिना धाडधाड वाजला आणि एक घामाघूम माणूस आत आला.

"माझ्या मेव्हणीला तुम्ही काय शिकवलंत?"

"इंग्रजी," बाई म्हणाल्या.

"आज मशीन बंद करून उभी राहिली! म्हणाली, भाऊजी, कुलूप निघाल्याशिवाय मी बसणार नाही. मग एकेक करून सगळ्याच उभ्या. मी काय करायचं?"

त्याची नजर माझ्यावरच्या वाक्यावर गेली. बाईंनी अर्थ सांगितला. आता हा बाहीने मला पुसणार, असंच मला वाटलं. पण तो बाकावर बसला, नव्हे, कोसळलाच.

"किल्ली माझ्या कमरेला, पण हुकूम मालकाचा," तो म्हणाला. "धूर झाला तेव्हा कुलूप काढायला धावलो, तर घाईत किल्लीच हातातून पडली. तेव्हापासून जेवण गोड लागत नाही बाई."

त्याने माझ्यावरचं वाक्य पुन्हा एकदा न्याहाळलं. मग त्याने विचारलं, "मालकापुढे उभा राहिलो, असं म्हणायचं झालं तर?"

"वाक्य हेच. सुपरवायझर पुसायचा आणि मालक लिहायचा."

त्याने खडूला हात लावला नाही. पण मालकाकडे गेला.

पुढचं काजताईने वर्गात येऊन सांगितलं. कुलूप निघालं, दाराला आतून कडी बसली. भाऊजींचं सुपरवायझरपण गेलं, ते कापड कापायच्या टेबलावर आले. ताईने मात्र बोलणं टाकलं. "ज्याने आसरा दिला त्याचाच हुद्दा घालवलास," म्हणाली. काजताईने वेगळी खोली घेतली. दुपारी भाऊजी आपल्या डब्यातली अर्धी पोळी गुपचूप तिच्यापुढे सरकवायचे. मग एके दिवशी डबाच मोठा आला, दोघांना पुरेल असा. भाऊजी म्हणाले, "मी नाही सांगितलं. तिनेच भरला."

हे सांगताना काजताई हसत होती आणि पदराने डोळे टिपत होती. बाईंनी त्या दिवशी धडा घेतलाच नाही.

आता बाईंना दिसेनासं झालंय, त्या भाचीकडे राहायला गेल्या. खोलीत नवे भाडेकरू आले आणि मी जिन्याखाली, भिंतीकडे तोंड करून उभा आहे. काळा रंग उडालाय, एका कोपऱ्यात वाळवीने वास्तव्य केलंय. चढणाऱ्या-उतरणाऱ्या पावलांवरून माणसं ओळखायचा खेळ खेळतो.

जाता-येता कुणी मला एवढं वळवून ठेवाल का? कोरडं फडकं फिरवा, हाताला लागेल त्याने लिहा. कोळसा तेवढा नको, काळ्यावर काळं काय दिसणार! आणि चुकेल म्हणून हात आखडू नका. चुकलं तर पुसता येतं, त्यासाठीच तर माझा जन्म आहे.