निक्लासआबांचं नाक

आमच्या बेटावर सात घरं आणि एक नाक. ते नाक माझ्या सासऱ्यांचं, निक्लासआबांचं. ऑक्टोबरात मेंढ्या कापायच्या, फटींच्या भिंतींच्या खोपटात टांगायच्या आणि मीठबीठ न लावता वाऱ्यावर सोडून द्यायच्या. वारा आणि थंडी बेताची असली की मटण आधी आंबतं, मग वाळतं, आणि तसंच कच्चं सुरीनं कापून खातात. बेत चुकला की कुजतं. आंबलेल्यात आणि कुजलेल्यात फरक नखाएवढा, आणि तो फक्त आबांना कळायचा. त्यांनी खोपटात जाऊन हुंगल्याशिवाय आणि "कापा" म्हटल्याशिवाय कुणी सुरी लावत नसे. मी शहरातून आलेली. मला लग्नाच्या पहिल्या दिवसापासून सगळंच कुजकं लागायचं, आणि तसं बोलून दाखवल्याबद्दल सासूची बोलणीही मी पोटभर खाल्ली होती.

त्या वर्षी ऑक्टोबरभर धुकं बसलं. उबदार, ओलं, आणि वाऱ्याचा पत्ता नाही. निम्मे बटाटे शेतातच सडले. नोव्हेंबरापासून लाटांमुळे होडी लागेना, ती आता मार्चाशिवाय लागणार नव्हती. माझ्या नवऱ्याला, दावुरला, समुद्रानं दोन वर्षांपूर्वीच नेलं होतं, सासूबाई त्याच्याही आधी गेल्या. घरात आबा, मी आणि दोन मुली. गाईचं थोडं दूध आणि तळाचे बटाटे सोडले तर टांगलेल्या मेंढ्या एवढंच अन्न उरलेलं, आणि सातही घरांची तीच गत. नाताळानंतर आबा तापातून उठले, काठी टेकत सगळ्या खोपटांतून फिरले आणि म्हणाले, "उत्तम आहे. रविवारी कापा." लोकांनी त्यांच्यापुढे टोप्या काढल्या.

शनिवारी दुपारी मी चुलीवर दूध ठेवून ओढ्यावर गेले. परत आले तर दारातच ठसका लागला, इतकं ते करपलं होतं. आबा चुलीला पाठ करून, दोन हातांच्या अंतरावर, शांतपणे लोकर विंचरत बसले होते.

"आबा, दूध जळलं की!"

"कुठलं दूध?"

मी जळकं पातेलं त्यांच्या नाकाखाली धरलं. त्यांनी मान खाली घातली.

"कधीपासून?" मी विचारलं.

"तापापासून."

"आणि सात घरांना उत्तम म्हणून सांगून आलात? उद्या माझ्या पोरींच्या ताटात काय वाढणार होते मी?"

"वाटलं होतं, येईल परत." त्यांचे हात लोकरीतच अडकले होते. "सूनबाई, मला आता होडी ओढवत नाही, मेंढ्या हाकवत नाहीत. नाकही गेलं म्हणजे मी नुसता खायला काळ उरलो."

मला त्यांची कीव आली नाही. खरं सांगते, त्यांचीच काठी उचलून त्यांना हाणावंसं वाटलं.

"उकळून खाऊ," मी म्हटलं.

"माझ्या आजोबांच्या वेळी उकळूनच खाल्लं होतं. तीन थडगी आहेत बघ चर्चमागे."

"मग कुत्र्याला घालून बघू."

"कुत्र्याचं काय घेऊन बसलीस! तो किनाऱ्यावरचा मेलेला सील खातो आणि वर शेपूट हलवतो."

मग ते उठले. घरोघर गेले आणि प्रत्येक दारात स्वतःची टोपी हातात घेऊन एकच सांगत राहिले, "माझं नाक गेलंय. मी खोटं बोललो. तुमच्या मटणाचा एक तुकडा द्या, मी खातो. सोमवारी संध्याकाळपर्यंत धड राहिलो तर कापा. तोवर हात लावू नका."

हायनीच्या घरी चार लहान पोरं. तो दारातच कडाडला, "नाक नव्हतं तर तोंड तरी उघडायचं होतं, आबा!" त्याची बायको सान्ना आत गेली. तिनं तुकडा आणून दिला आणि शालीच्या टोकानं डोळे पुसत पोरांना आत ढकललं.

आमचा धरून सात तुकडे ताटात जमले.

"सगळे एकदम नका खाऊ," मी म्हटलं. "एकात विष निघालं तर कुठल्यात ते कळायचं नाही. सातही घरांचं टाकावं लागेल."

"घरागणिक दोन दिवस धरले तर पंधरवडा जाईल. सान्नाकडचे बटाटे संपलेत. आणि धुकं काय घरं निवडून बसलं होतं?"

त्यांनी सुरी पुसली आणि सावकाश सगळं खाल्लं. चव लागते का, म्हणून मी विचारलं. म्हणाले, "लाकूड चावतोय."

धाकटी ताटाकडे बघत म्हणाली, "आजोबांनी एकट्यानंच का खाल्लं?" मी तिला फाडकन थोबाडीत मारली. मग तिला कुशीत घेऊन मीच रडत बसले.

रविवार बरा गेला. लोक काही ना काही निमित्त काढून आमच्या खिडकीवरून जायचे आणि आबा बसलेत का ते बघायचे. सोमवारी सकाळी त्यांनी लोकर विंचरली, मुलींशी चेष्टा केली. दुपारी दोनला मी देवाचं नाव घेऊन सुरीला धार लावायला घेतली. मुलींना शेजारी सान्नाकडे सांगायला पाठवलं, आजोबा ठणठणीत आहेत म्हणून.

"सूनबाई," आबा म्हणाले, "तुझ्याशेजारी कोण गं उभं आहे? हुबेहूब तुझ्यासारखी दिसते."

मी वळून पाहिलं. घरात आम्ही दोघंच होतो. त्यांची एक पापणी अर्ध्यावर आली होती आणि शब्द जड पडत होते. मी त्यांचा हात धरला. त्यांनी दुसऱ्या हातानं माझ्याशेजारी चाचपून बघितलं. तिथं कुणीच लागलं नाही.

"एकटीच आहेस होय?" ते म्हणाले. "म्हणजे मलाच एकाचे दोन दिसतायत. विष आहे त्यात. जा. सगळ्यांचं मटण कड्यावरून टाकायला सांग. आधी सान्नाकडे. पोरी बातमी घेऊन गेल्यात ना?"

"तुम्हाला असं टाकून?"

"जा म्हणतो ना! ती पोरं थांबायची नाहीत."

बाहेर आमच्या हिवाळ्यात येतं तसं तीन वाजताच अंधारून आलं होतं आणि सान्नाच्या घरात दिवा लागला होता. मी आबांचा हात सोडला आणि पळत सुटले.