लाँड्रीच्या गच्चीवरचा खोटारडा

मी हवामानयंत्र बोलतोय, आणि आधीच सांगून ठेवतो, मी माफी मागायला बोलत नाहीये.

अंगानं मी दोन ठिकाणी राहतो. माझा पडदा खाली लाँड्रीत, इस्त्रीच्या टेबलाशेजारी. पाऊस मोजणारं भांडं वर गच्चीत. त्या भांड्यात एक चिमुकली पळी आहे. पाण्यानं भरली की ती कलंडते आणि खाली पडद्यावर आकडा वाढतो. पुढे काय होणार ते मात्र मी हवेच्या दाबावरून ओळखतो आणि ढगाचं नाहीतर सूर्याचं चित्र दाखवतो.

मला आणलं सूनबाईनं. त्याआधी एकदा धुतलेलं सगळं पावसात भिजलं होतं. माहितीपुस्तिका मांडीवर घेऊन तिनं माझी नीट घडी बसवली. पाऊस मिलिमीटरमध्ये, जागेची उंची अमुक, पाऊस लागताच घंटा. सासऱ्यांना काही ते पटलं नाही.

"माझा गुडघा आहे की! त्याला बॅटरीही लागत नाही," ते म्हणाले.

भांडं बसवायचं काम तिच्या नवऱ्याकडे आलं. गच्चीत कपडे वाळत घालायच्या दोरीचा खांब आयता होता, त्यानं मला त्यालाच ठोकलं. झालं! सकाळी ओल्या चादरी दोरीवर पडायच्या, माझ्या भांड्यात पाणी ठिबकायचं आणि खाली घंटा वाजायची. सगळे धावत वर जायचे, तर कडकडीत ऊन.

"खोटारडा मेला!" सासरे म्हणायचे. इस्त्रीवाला गिऱ्हाइकांना माझा आकडा दाखवून हसायचा. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय!

शेवटी सासरे म्हणाले, "उद्या भंगारवाला आला की देऊन टाक त्याला." सूनबाई गप्प राहिली. मला तिचाच जास्त राग आला.

त्याच दुपारी हवेचा दाब घसरला. मी पावसाचा ढग दाखवला. वर हॉटेलच्या चादरी होत्या, संध्याकाळी पोचवायच्या. भिजल्या असत्या तर ते गिऱ्हाईक कायमचं तुटलं असतं.

"बाबा, चादरी काढूया?"

"अगं, तो रोजच पाऊस पाडतो. माझा गुडघा गप्प आहे."

सूनबाई माझ्यापुढे थबकली. "रोज वाजते ती घंटा, बाबा. ढग रोज नसतो."

ती वर गेली. बहुतेक चादरी वाळल्या होत्या, शेवटची खेप अजून टपटपत होती. एका चादरीच्या टोकाचा थेंब बरोब्बर माझ्या भांड्यात पडला.

"बाबा, वर या आधी! याच्या डोक्यावर आपणच चादरी निथळतोय, आणि खोटारडा यालाच म्हणतोय!"

सासरे आले. चादर पाहिली, भांडं पाहिलं, आणि चादरी खांद्यावर घ्यायला लागले. शेवटची चादर जिन्यात आली आणि पाऊस कोसळला. घंटा वाजली. या वेळी इस्त्रीवालासुद्धा हसला नाही.

आता माझं भांडं पाण्याच्या टाकीपलीकडे आहे, दोरीपासून लांब. सूनबाईनं माझा जुना आकडा पुसून शून्य केला. मला ते मुळीच आवडलं नाही. पाणी पडलं होतं, म्हणूनच मी मोजलं होतं.

सासरे अजूनही मला खोटारडाच म्हणतात. पण सकाळी गुडघा चोळत आधी माझ्यापुढेच येऊन उभे राहतात. "बोल रे खोटारड्या, टाकू का चादरी?"

माझा ढग एखाद्या दिवशी चुकेलही. हवेचं काय सांगावं! तेव्हा खुशाल बोल लावा. पण भांड्यात पाणी पडलं, तर बाहेर ऊन असो, तुम्ही हसा, भंगाराची भीती घाला, घंटा मी वाजवणारच.