जयसिंगच्या बांधावरचा देव

कासार आंबोलीच्या जयसिंगची वरची सगळी जमीन बंगलेवाल्यांना गेली होती. घरी खायच्या इंद्रायणी भाताचं एकच खाचर उरलं होतं, आणि त्यात त्याचा जीव अडकला होता. नेमका त्याच खाचराच्या बांधावरून नकाशाने रस्ता काढला.

चूक म्हटली तर त्याच्या भाडेकरूची. मनीष मूळचा लातूरचा, कंपनीत कामाला. वर्षभर तो खिशात फोन ठेवून बांधावरूनच मोटरसायकल हाणायचा. रोजची ये-जा दिसली, तेव्हा फोनमधल्या नकाशाला वाटलं, असणार रस्ता. मग सुट्टीला येणाऱ्यांच्या गाड्या बांधावर चढू लागल्या. बांध फुटला, पाणी वाहून गेलं, कालपरवा लावलेली रोपं चाकाखाली गेली.

"साहेब, हितं रस्ता न्हाई," जयसिंग आडवा उभा राहिला.

"काका, मॅपवर तर दाखवतोय," गाडीवाला म्हणाला. गुडघाभर चिखलात उभा असलेला माणूस खोटा आणि हातातली काच खरी!

पाटी लावली, ती कुणी वाचली नाही. मनीषने फोनवरून तक्रार केली. उत्तर आलं, पडताळणी चालू आहे. शेवटी जयसिंगची बायको साळूबाई वैतागली. "आवं, ही लोकं माणसाला भीत न्हाईत. देवाला भीत्यात. ठिवा येक धोंडा."

वाट अडवायची ही गावची जुनी युक्ती. जयसिंगने ओढ्यातला धोंडा आणला, शेंदूर फासला आणि बांधाच्या तोंडाशी रोवला. लगेच गुण आला. शनिवारी पहिली गाडी धोंड्यापाशी थांबली. उतरलेल्या बाईंनी नमस्कार केला, फोटो काढला आणि गाडी मागे घ्यायला लावली. जयसिंग गालातल्या गालात हसला.

रविवारी अकरा गाड्या आल्या. नकाशावर आता रस्त्याच्या टोकाला देऊळ होतं. खाली कुणीतरी लिहिलं होतं, 'जागृत स्थान, पार्किंगला भरपूर जागा.' पार्किंग म्हणजे खाचर.

जयसिंग तिरमिरीत धावला. "आरं, देव न्हाई त्यो! म्या ठिवलाय, वड्यातला धोंडा हाय!" कुणी ऐकेना. चेंगरलेली रोपं बघून त्याला रडूच फुटलं. रांगेतल्या एका मुलीला त्याची दया आली.

"काका, दर्शन घ्या ना," ती हळूच म्हणाली. "फक्त चप्पल तिकडे काढा."

धोंडा उपटायचा तर आधी त्याच्यापर्यंत पोचायला हवं होतं. जयसिंगने आपल्याच खाचरात चप्पल काढली आणि रांगेत उभा राहिला. नंबर आला तेव्हा मागे वीसेक माणसं हात जोडून उभी होती. त्याचेही हात आपसूक जोडले गेले.

"देवा," तो पुटपुटला, "येवढा रस्ता तेवढा बंद कर."