उजवं कोपर

कात्रीनं गुडघ्यावर बसून कोटाच्या घेरातून लोंबणारा दोरा दातानं तोडला, आणि उठता उठता मुद्दामच कोटाला एक हिसका दिला.

"अगं ताई! पडले असते ना."

"पडली असतीस तर उठली असतीस. सरळ उभी राहा. पोक काढलंस की मागनं घेर उचलला जातो."

शेपूट सरळ उभी राहिली. शेपूट म्हणजे कात्रीची धाकटी बहीण. लहानपणी ताईच्या फ्रॉकचं टोक धरून घरभर फिरायची, म्हणून हे नाव. आता ती ताईपेक्षा वीतभर उंच झाली होती, कॉलेजात जात होती, तरी नाव काही सुटत नव्हतं. कात्रीचंही तसंच. शाळा अर्ध्यावर टाकून ती कपडे अल्टर करायच्या दुकानात बसायला लागली म्हणून कात्री, असं आई पाहुण्यांना सांगायची. खरं कारण तिची जीभ होती, आणि ते पाहुण्यांनाही ठाऊक होतं.

पत्र्याच्या उंच छपराचा तो भलामोठा हॉल, आणि त्यात दोऱ्या बांधून केलेली रांग. पुढे जातेय असं वाटायचं आणि वळून परत तिथंच यायची. मालिका-सिनेमांच्या वेड्यांचा मेळा भरला होता. जो तो आपल्या लाडक्या पात्राचा वेष करून आलेला. कात्री एकेकाला नजरेनंच उसवत होती. ह्याचं चिलखत पुठ्ठ्याचं, बगलेत चिकटपट्टी सुटलीय. हिचा राणीचा झगा म्हणजे घरचा पडदा, वरची कड्यांची भोकंसुद्धा बुजवली नाहीयेत. एकानं पाठीला पंख लावले होते, त्याला बिचाऱ्याला संडासात आडवं होऊन शिरावं लागत होतं.

आणि ह्या सगळ्यात शेपटीच्या अंगावर तो कोट. राखाडी, घोट्यापर्यंत लांब, कॉलर ताठ, बटणं जुन्या पितळेच्या रंगाची. कोपरावर लाल ठिगळ. बघणारा थांबतच होता.

"फोटो काढू का एक?" कुणीतरी विचारायचं.

"काढा ना," म्हणत शेपूट हनुवटी वर करायची. अगदी मालिकेतल्या दारवालीसारखी.

"भारी आहे हो कोट! कुठून घेतलात?"

"आमच्याकडेच शिवलाय."

आमच्याकडे! कात्रीच्या अंगाचा तिळपापड झाला. आमच्याकडे म्हणजे कुणाकडे? भिंतीनं शिवला? आईनं? रोज दुकानातून येऊन मान मोडून मशीनवर बसली ती कोण? नाव घेतलं असतं तर जीभ झडली असती काय?

पण कोटापेक्षा मोठं दुखणं पासचं होतं.

'मागचं दार' ही मालिका घरात आणली कात्रीनं. दुकानात इस्त्री तापायची वाट बघताना तडा गेलेल्या फोनवर ती बघायची. त्यातली दारवाली, हरवलेल्या लोकांना त्यांच्या घरच्या दारापर्यंत पोचवणारी, कुणाचं ऐकून न घेणारी बाई. तिला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा कात्रीच्या हातून एका गिऱ्हाइकाची पँट जळता जळता वाचली. शेपूट तेव्हा नाक मुरडायची. मग कधीतरी मागं बसून बघायला लागली. मग पुढं. मग तिनं कॉलेजात दारवालीच्या चाहत्यांचा गट काढला आणि त्याची म्होरकी झाली. मेळ्यासाठी प्रश्नमंजुषा निघाली तेव्हा उत्तरं सगळी कात्रीनं सांगितली, पण तिच्या फोनवर पान उघडेना म्हणून शेपटीच्या फोनवरून पाठवली. पास आला शेपटीच्या नावावर. प्रत्यक्ष दारवाली झालेल्या नटीला भेटायचा पास. एकच.

"माझ्या फोनवर आलाय ना," शेपूट म्हणाली होती.

"आयत्या बिळावर नागोबा," कात्री म्हणाली होती.

आणि आई म्हणाली होती, "धाकटीला जाऊ दे गं. तू सोबत जा तिच्या. आणि तिला एवढा कोट शिवून दे की, तुझ्या हातचा मळ आहे तो."

झालं. लहान होती तेव्हा लहान म्हणून, आणि वीतभर उंच झाली तरी लहान म्हणूनच.

कोट कात्रीनं शिवला, आणि तो जीव ओतून शिवला, कारण वाईट शिवणं तिला जमतच नव्हतं. आत शिवणीला भरपूर माया सोडली, पुढंमागं उसवून आपल्या मापाचा करून घेता येईल म्हणून. फक्त एक गोष्ट केली. जळत्या दारात हात घालून दारवाली एका पोराला ओढून काढते, तेव्हा तिची डावी बाही कोपराला जळते. त्यावर ती लाल ठिगळ लावते आणि पुढं मालिकाभर तोच कोट घालते. डावं कोपर. वेड्यालाही माहीत असलेलं. कात्रीनं ठिगळ उजव्या कोपरावर लावलं. बारीक, एकसारख्या टाक्यांनी, सुंदर लावलं.

आत गेल्यावर नटीनं एकदा त्या कोपराकडे बघावं, हसावं, आणि शेपटीचं तोंड उतरावं. बास. एवढंच हवं होतं तिला.

रांग सरकली. पुढचा चष्मेवाला मागं वळला. वयानं बऱ्यापैकी मोठा माणूस, गळ्यात पुठ्ठ्याची हातभर किल्ली अडकवलेली. त्यानं कोट वरून खाली पाहिला, मग खालून वर, आणि कोपराशी येऊन अडकला.

"अरेरे," तो म्हणाला. "ठिगळ डाव्या बाजूला असतं हो."

कात्रीनं मनातल्या मनात त्याला शिवी हासडली. इथं नको होतं व्हायला. आत व्हायला हवं होतं.

"असं?" शेपूट म्हणाली.

"असं काय असं? डावाच हात घालते ती दारात. उजव्या हातात किल्ली असते, ही अशी." त्यानं किल्ली उचलून दाखवली. "बाकी कोट एक नंबर आहे. पण तिच्या लगेच लक्षात येणार बघा. उगाच फजिती व्हायची."

"तुमच्या किल्लीचे दात उलटे आहेत, काका."

चष्मेवाल्यानं किल्ली डोळ्यांपाशी नेली. "हं? कुठं?"

आजूबाजूचे हसले. शेपूट हसली नाही. ती कात्रीकडे वळली.

"ताई, सुई-दोरा आहे ना तुझ्या पिशवीत?"

"आहे की."

"काढून डावीकडं बसवतेस? वेळ आहे अजून."

पिशवीत सुई होती, लाल दोरा होता, छोटी कात्री होती. रांग अशी मुंगीच्या पावलांनी चाललेली. कात्रीला ते काम सहज जमलं असतं, डोळे मिटून जमलं असतं. तिनं बाही हातात धरली, ठिगळाच्या कडेवरून अंगठा फिरवला.

"इथं उभ्या उभ्या? कापड ताणलं जाईल. उजवीकडं भोकं दिसतील," ती म्हणाली. "राहू दे."

शेपटीनं तिच्याकडे जरा वेळ पाहिलं.

"बरं," ती म्हणाली.

शेवटच्या वळणाशी पिवळ्या टी-शर्टातली एक मुलगी उभी होती. "पास? एकच ना? मग सोबतच्यांनी इथंच थांबायचं. दोरीच्या पुढं यायचं नाही."

"माहितीय," कात्री तिच्यावर खेकसली.

शेपूट पुढं गेली. कोट मागून झकास पडत होता, एक सुरकुती नाही, आणि ते बघून कात्रीला आणखीनच चीड आली.

टेबलामागं नटी बसली होती. पडद्यावर दिसते त्यापेक्षा लहानखुरी, केस पांढरे व्हायला लागलेले. टेबलावरच्या कापडाखाली तिनं बूट काढून ठेवले होते. सुजलेली पावलं एकमेकांवर घासत होती. रांगेतल्या दुसऱ्या कुणी ते पाहिलं नसेल, कात्रीनं पाहिलं. शेजारचा मदतनीस फोटो सरकवायचा, ती सही करायची, हसायची, पुढचा. हसू प्रत्येकाला सारख्याच मापाचं, रेडिमेड.

शेपटीची पाळी आली. इथून ऐकू येणं शक्यच नव्हतं. कात्रीनं दोरी घट्ट धरली.

नटीनं कोट पाहिला आणि तिचं रेडिमेड हसू जरा सैल झालं. तिनं हात लांब केला आणि सवयीनं शेपटीच्या डाव्या बाहीला धरलं, कोपर वळवलं. तिथं काहीच नव्हतं. तिच्या भुवया वर गेल्या.

आता, कात्री मनात म्हणाली. बघ आता.

शेपटीनं आपणहून उजवं कोपर पुढं केलं. वाकून काहीतरी म्हणाली. बराच वेळ म्हणाली. मदतनीस घड्याळ बघायला लागला. मग शेपटीनं मागं न वळताच हनुवटीनं दोरीच्या दिशेला खूण केली, आणि नटीनं मान उचलून थेट कात्रीकडे पाहिलं.

कात्री दचकून पिवळ्या टी-शर्टामागं झाली. कान तापले. ज्या बाईनं आपल्याला एकदा बघावं म्हणून इतका जीव टाकला, तिनं बघितलं तर आपण लपलो. वा रे कात्री!

तिनं हळूच डोकं बाहेर काढलं तर नटी हसत होती. मालिकेतलं नाही, मघाचं मापाचंही नाही. पोट धरून, मान मागं टाकून. मग तिनं फोटो बाजूला सारला, शेपटीची उजवी बाही टेबलावर सपाट केली आणि जाड पेनानं थेट कापडावर लिहायला लागली.

"अगं बाई, कापडावर काय!" कात्री मोठ्यानं ओरडली. पिवळी मुलगी तिच्याकडे बघत राहिली.

हॉलबाहेरच्या पायऱ्यांवर शेपूट तिला भेटली. दोघी बसल्या. कात्रीला राहवलं नाही.

"आवाज कसा आहे तिचा?"

"जरा घोगरा. मालिकेतल्यासारखाच."

"आणि हात?"

"गरम."

कात्रीच्या छातीत पुन्हा बारीक सुई टोचली. गरम. ते आता हिलाच माहीत.

"काय सांगत होतीस एवढं?"

शेपूट कोटाचं बटण फिरवत राहिली. "म्हणाले, हा माझ्या बहिणीनं शिवलाय. आणि ठिगळ तिनं मुद्दाम चुकीच्या बाजूला लावलंय."

कात्री पिशवीचा बंद बोटाला गुंडाळायला लागली.

"शिवताना तू फोनवर तिचं चित्र लावून बसायचीस," शेपूट म्हणाली. "कॉलरच्या आतली टीप कुणाला दिसत नाही, तीसुद्धा तू दोनदा उसवून नीट केलीस. तू कोपर कसं चुकशील?"

"मग मघाशी मला बदलायला का सांगितलंस?"

"म्हटलं, बघू."

"आणि तरी तसाच घालून गेलीस?"

"पास मी घेतला. ठिगळ तू फिरवलंस. फिट्टंफाट."

खाली रस्त्यावर पंखवाला आडवा होऊन रिक्षात शिरायचा प्रयत्न करत होता. दोघी त्याच्याकडे बघत राहिल्या.

"मग ती काय म्हणाली?" कात्रीनं विचारलं.

"विचारलं, मोठी का धाकटी. मी म्हटलं, मोठी. तेव्हाच हसायला लागली. म्हणाली, मलाही एक आहे."

कात्रीनं तिची बाही ओढून मांडीवर घेतली. सही लाल ठिगळावर सुरू होत होती आणि तिचा शेवटचा फराटा कडेच्या टाक्यांवरून उतरून थेट राखाडी कापडावर गेला होता. शाई आतपर्यंत मुरली होती. तिनं नखानं खरवडून पाहिलं.

"अर्धी इकडं, अर्धी तिकडं," ती म्हणाली. "आता हे उसवता यायचं नाही कधी."

"तिनं मला विचारून, मुद्दामच केलंय तसं." शेपूट उठली, कोट काढला आणि ताईच्या अंगावर टाकला. "धर. उकडतंय मला."

कात्रीनं कोट घातला. खांद्यात घट्ट, लांबीला जास्त. बोटं बाहीत बुडाली, ठिगळ कोपराखाली घसरून मनगटाकडं आलं. रुंदीला माया होती, लांबीचं काहीतरी करावं लागलं असतं. ती घेर सावरत पायऱ्या उतरायला लागली. खाली गर्दी होती. डोक्याला दारवालीसारखं फडकं बांधलेली एक मुलगी समोर आली.

"अय्या, काय कोट आहे! कुणी शिवलाय?"

कात्रीनं शेपटीकडे पाहिलं. शेपूट वाकून बुटाची नाडी बांधत होती. नाडी बांधलेलीच होती.

"मी," कात्री म्हणाली.

"पण ठिगळ डावीकडं असतं ना?"

दुसऱ्या कुणी असं विचारलं असतं तर कात्रीनं त्याला जागच्या जागी सोलला असता. तिनं बाही वर ओढली. ती परत खाली आली.

"हो," ती म्हणाली. "डावीकडंच असतं."

मुलगी फोटो काढून गेली. दोघी गर्दीत शिरल्या, कात्री पुढं. धक्के लागत होते, कुणाची तरी पुठ्ठ्याची ढाल कमरेत खुपत होती. तेवढ्यात मागून कोटाचा घेर ताणला गेला. कुणीतरी टोक मुठीत धरलं होतं.

"घेर धरू नकोस," कात्री मागं न बघता म्हणाली. "टीप सुटेल."

पण चाल तिनं जरा कमी केली.